विजयेची पिवळी पानं

“मग पाणी कोण घालतं, माई?”

हरिहर टोकेकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

माई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दरीच्या टोकाला गोसाव्यांचा जुना मठ आहे. कल्याणगिर माई तिथं एकट्याच राहत. वय ऐंशीच्या घरात. मठाच्या मागं ओळीनं सात समाध्या, पुढं माईंनी लावलेली औषधी झाडं. आसपासच्या गावांतले लोक आजारी झाड घेऊन त्यांच्याकडे येत. आजारी माणूस आला, तर त्या त्याला डॉक्टरकडे पाठवत.

टोकेकर हे तालुक्याच्या गावातले नावाजलेले वैद्य. एकोणिसाव्या वर्षी ते तीन पावसाळे या मठात राहिले होते. कुठलं पान कशाचं, हे त्यांना माईंनी शिकवलं होतं. पुढं पदव्या झाल्या, व्याख्यानं झाली, वनस्पतींवर एक जाडजूड ग्रंथ झाला. ग्रंथात माईंचं नाव कुठंच नव्हतं. त्याला बावीस वर्षं होऊन गेली होती, आणि तेवढ्या वर्षांत टोकेकर एकदाही मठाची पायरी चढले नव्हते.

आज आले ते एका रोपासाठी.

रोप विजयेचं होतं. लोक तिला भांग म्हणतात, गांजाही तिचाच. टोकेकरांना तिच्यापासून वेदनेवरचं तेल करायचं होतं. दीड वर्ष खेटे घालून त्यांनी सरकारी परवानगी मिळवली होती. तीन रोपं, घरातल्या एका बंद खोलीत, दिव्यांखाली. खोलीला कुलूप, आणि किल्ली फक्त त्यांच्याजवळ.

दोन रोपं गेली. हे तिसरं. पाच आठवड्यांचं, दीड वीत उंच, आणि दिवसेंदिवस पिवळं पडत चाललेलं.

कागदात गुंडाळून आणलेलं एक पान त्यांनी माईंसमोर ठेवलं आणि काय काय केलं ते सांगायला घेतलं. आधी खालची पानं पिवळी झाली म्हणून नत्र कमी पडलं असं धरलं आणि खत वाढवलं. तर पानांचे शेंडे करपले. मग मॅग्नेशियम दिलं. मातीची आम्लता तपासली. दिवे चार बोटं वर घेतले, परत खाली आणले. वही भरली.

माईंनी पान हातात घेतलं नाही. पानं सकाळी ताठ असतात का, एवढंच विचारलं.

नाही, टोकेकर म्हणाले. मान टाकल्यासारखी खाली लोंबतात.

माती ओली असतानाही?

हो, ओली असतानाही.

मातीत बोट घालून वास घेतला का, असं माईंनी विचारलं. टोकेकरांनी तेवढं केलं नव्हतं. त्यांच्याकडे मोजायची यंत्रं होती.

“त्याचे पाय भिजलेत, हरी,” माई म्हणाल्या. “मुळं कुजायला लागली की झाड तहानल्यासारखंच दिसतं. आणि तू त्याला खायला घातलंस.”

टोकेकरांच्या कानशिलांवर लाली चढली. हे त्यांना ठाऊक होतं. विद्यार्थ्यांना त्यांनी हेच शिकवलं होतं. म्हणून तर ते दर चौथ्या दिवशी एक वाटी मोजून पाणी घालत होते, एक थेंब जास्त नाही.

आणि तरी माती ओली असे.

म्हणून ते कुंडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवू लागले होते. दुपारी दोन वाजता भरायची दोन किलो नऊशे ग्रॅम. पाच वाजता पाहावं तर तीन किलो शंभर. दार बंद. कुलूप जागच्या जागी.

पहिला संशय कौसाबाईवर गेला. कौसाबाई त्यांच्या घरी सोळा वर्षं काम करत होती. कुलपाची दुसरी किल्ली करून घेतलीस, असं टोकेकर तिला तोंडावर म्हणाले. तिनं पदराला हात पुसले आणि निघून गेली. त्यांनी कुलूप बदललं आणि नव्या कुलपाची एकुलती एक किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

माती ओलीच राहिली.

मग खोलीत मोबाईल उभा करून ठेवला, कुंडीकडं तोंड आणि दाराकडं पाठ येईल असा, चित्रण सुरू करून. दोन दिवस ठेवला. दोन्ही दिवस संध्याकाळी तो पालथा पडलेला मिळाला. तीनच्या पुढं चित्रात नुसता काळोख. आवाजही नाही… पंख्याची घरघर तेवढी.

“घरात मी एकटाच आहे,” टोकेकर म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. “मग पाणी कोण घालतं, माई?”

शेंगा संपल्या. माईंनी सालं सुपात गोळा केली.

“खोली कुणाची?”

“माझ्या घरातलीच.”

“ते नाही विचारलं.”

…

“कुमुदची,” टोकेकर म्हणाले.

कुमुद त्यांची पत्नी. चौदा महिन्यांपूर्वी त्याच खोलीत गेली. कर्करोग हाडांत उतरला होता. शेवटी शेवटी चादर बदलली तरी ती ओरडे. वैद्याच्या कपाटातल्या एकाही बाटलीचा उपयोग झाला नाही. विजयेच्या तेलाचं त्यांना सुचलं, पण परवानगीचे कागद हलायच्या आत ती गेली. त्यानंतर त्यांनी तिचा पलंग हलवला आणि त्या जागी दिवे लावले.

हे त्यांनी तुटक तुटक सांगितलं. माई उठल्या, आत जाऊन झोळी घेऊन आल्या आणि टोकेकरांच्या गाडीत जाऊन बसल्या.

घरी पोचेपर्यंत एक वाजून गेला होता. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. टोकेकरांनी गळ्यातल्या किल्लीनं खोली उघडली.

आत दिव्यांचा पांढरट जांभळा उजेड होता. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. भिंतीवर, जिथं पलंगाची उशाकडची बाजू यायची तिथं, डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग. त्याच्या बरोबर खाली कुंडी.

टोकेकर आत गेले. माई उंबऱ्याबाहेर थांबल्या.

“येऊ का आत?” त्यांनी विचारलं.

या ना, असं टोकेकर म्हणाले. पण माई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. कुंडीच्या पलीकडं, भिंतीकडं पाहत होत्या. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या… मग मान हलवून आत आल्या.

खोलीत कुणी नाही, असं टोकेकरांनी त्यांना सांगितलं.

माईंनी खाली बसून रोपाकडं पाहिलं. खालच्या पानांच्या दोन जोड्या हळदीसारख्या पिवळ्या. वरची फिकी. पाच पाच बोटांची पानं देठापासून वाकलेली, दमलेल्या हातांसारखी. मातीवर चिलटं उडत होती. माईंनी करंगळी मातीत खुपसली, बाहेर काढून हुंगली आणि टोकेकरांच्या नाकाशी धरली.

कुजट वास होता. साचलेल्या गटाराचा.

टोकेकरांनी कुंडी काट्यावर ठेवली. दोन किलो नऊशे.

माई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या. “दार लाव. बाहेरून कुलूप घाल,” त्या म्हणाल्या. “आणि रोज करतोस तेच कर.”

रोज या वेळी टोकेकर जेवून थोडं आडवं होत. रात्ररात्र नोंदी लिहीत बसल्यानं दुपारी त्यांना डोळे उघडे ठेववत नसत. पण आज माईंना आत कोंडून झोपणं त्यांना बरं वाटेना. शेवटी त्यांनी कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि बाहेरच्या दिवाणावर टेकले. झोपायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. घड्याळात अडीच वाजले होते. दाराकडं पाहत राहिले.

पुढचं त्यांना कळलं ते मनगट कुणीतरी धरल्यावर.

थंड, हाडकुळे हात. घट्ट धरलेलं.

डोळ्यांसमोर जांभळा उजेड होता. ते खोलीत होते. कुंडीपाशी उकिडवे बसलेले. मागं दार सताड उघडं, नवं कुलूप कोयंड्याला लोंबत होतं आणि किल्ली त्यातच. शेजारी पाण्याचा तांब्या. आपण तो कधी भरला, कुठून आणला, त्यांना काही आठवेना.

त्यांच्या उजव्या हातात चहाचा चमचा होता. काठोकाठ भरलेला, मातीपासून दोन बोटांवर.

आणि डावा हात… डावा हात सगळ्यात खालच्या पिवळ्या पानाखाली होता. तळवा वर, बोटं जुळवून. हनुवटीखाली धरावा तसा.

माईंनी मनगट सोडलं नाही.

टोकेकरांनी चमच्याकडं पाहिलं. मग डाव्या हाताकडं. बराच वेळ.

डावा हात त्यांनी हळूच मागं घेतला.

“किती वेळ…?”

“तांब्या निम्मा झाला.”

माईंनी त्यांच्या बोटांतून चमचा काढून घेतला. टोकेकर तिथंच फरशीवर बसले. मग ते बोलू लागले. रोपाशी बोलावं तसं, कुंडीकडं पाहून.

शेवटचे अकरा दिवस कुमुदला धड गिळता येत नव्हतं. चमच्यानं पाणी देत. दुपारी तीनला कौसाबाई जेवायला बसे, तेव्हा पाणी द्यायची पाळी त्यांची. डावा हात हनुवटीखाली धरायचा, नाहीतर ओघळ मानेवर जाई आणि तिला थंडी वाजे. त्या दिवशीही ते तसेच देत होते. एक चमचा, थोडं थांबून दुसरा. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून परत येत होतं. आज जास्त सांडतंय, एवढंच त्यांना वाटलं. ते देत राहिले… कौसाबाई हात धुऊन आत आली, पलंगाकडं पाहिलं आणि त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला.

“ती केव्हा गेली, मला माहीत नाही, माई,” ते म्हणाले. “मी वैद्य आहे. तिची नाडी माझ्या हाताशी होती. आणि मी पाणी घालत होतो.”

पंखा घरघरत होता.

मग माईंनी कुंडी पुढं ओढली. बुंधा दोन बोटांत धरून त्यांनी कुंडी उपडी केली आणि मातीचा गोळा बाहेर काढला. खालची मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. बोट लावलं की भिजलेल्या सुतासारखी सुटून येत होती. माईंनी हळूहळू माती झाडली आणि गोळ्याच्या वरच्या कडेला बोट ठेवलं. तिथं दोन मुळं पांढरी होती.

जगेल का, असं टोकेकरांनी विचारलं.

“दोन पांढरी आहेत,” माई म्हणाल्या.

कुजलेलं सगळं त्यांनी कात्रीनं कापायला लावलं. मोठी कुंडी काढून टाकून लहान मातीची आणायला लावली, खाली भोकं असलेली. रेती मिसळलेली कोरडी माती भरली. खत नाही, औषध नाही. मी निरोप पाठवेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडं बघत बसू नकोस. नवा कोंब कसा येतो तो बघ. एवढं सांगून त्या मठात परतल्या.

त्याच संध्याकाळी टोकेकर कौसाबाईच्या गल्लीत गेले. ती आता एका खाणावळीत पोळ्या लाटत होती. ते परातीसमोर उभे राहिले आणि झालेलं सगळं त्यांनी तिला सांगितलं, चमच्यासकट. माझं चुकलं, असंही म्हणाले. चारचौघे ऐकत होते. कौसाबाईंचा हात थांबला नाही. पोळी तव्यावर टाकल्यावर त्या म्हणाल्या की त्या दिवशी बाईंच्या अंगाला हात लावायच्या आधीच त्यांना कळलं होतं, पण दादांना सांगायचं कसं ते सुचलं नाही.

कामाला परत या, असं टोकेकर म्हणाले. त्या नाही म्हणाल्या. रागानं नव्हे. त्या घरात आता हात चालणार नाही, म्हणाल्या.

पण शनिवारी एकदा येऊन गेल्या. खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, रोपाकडं पाहिलं. खिडकीचा काळा कागद एका बाजूनं सोलून काढला, थोडं ऊन आत घेतलं. जाताना तो चमचा मागून घेतला आणि कमरेला खोचून गेल्या.

टोकेकरांनी किल्ली गळ्यातून काढली. दुपारी झोपायच्या आधी ते खोलीला कुलूप लावत आणि किल्ली दिवाणाजवळच्या कपाटात बंद करून त्या कपाटाची किल्ली उंच फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवत. पहिले दोन दिवस जाग आली ती स्टुलावर उभे असताना. तिसऱ्या दिवशी दिवाणावरच आली. त्यानंतर रोज दिवाणावरच.

कुंडीचं वजन आता दिवसागणिक थोडं थोडं उतरू लागलं. नवव्या दिवशी माईंचा निरोप आला, अर्धी वाटी घाल. पिवळी पानं एक एक करून गळली. चौदाव्या दिवशी शेंड्याला राईएवढी हिरवी टोकं दिसली.

दीड महिन्यानं टोकेकर मठात गेले. नव्या पानांच्या तीन जोड्या आल्याचं त्यांनी सांगितलं. ग्रंथाची नवी आवृत्ती निघतेय, तिच्या पहिल्या पानावर काय छापायचं ठरवलंय तेही सांगितलं. माईंनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. टोकेकरांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ओट्यावर बसून राहिले.

ऊन कललं होतं. मागच्या समाध्यांवर झाडांच्या सावल्या पडल्या होत्या. वारा अजिबात नव्हता.

बऱ्याच वेळानं त्यांनी मनातलं विचारलं.

“मी दार उघडून आत आलो, तेव्हापासून तुम्ही बघत होतात. निम्मा तांब्या होईपर्यंत थांबलात. आधीच हात का नाही धरलात, माई?”

माईंनी ओट्यावरचं वाळकं पान उचलून बाजूला टाकलं.

“झोपेतल्या माणसाला एकदम उठवू नये म्हणून?”

माईंनी मान हलवली. नाही.

…

“मी धरणारच नव्हते, हरी,” त्या म्हणाल्या. “तुझं तुझं होऊ देणार होते. पलीकडच्या भिंतीकडनं बाईमाणसाचा आवाज आला… ‘ह्यांना सांगा ना, पुरे आता.’”